तीन विरुद्ध एक: वाउट व्हॅन आर्टचा 2025 चा वसंत

प्रकरण थोडक्यात

2 एप्रिल 2025 रोजी बेल्जियममधल्या वारेगेममध्ये ‘द्वार्स डोर व्लांडरेन’ ही एकदिवसीय सायकल शर्यत संपत आली, तेव्हा आघाडीवर चौघेच उरले होते. त्यांतले तिघे व्हिस्मा–लीज अ बाइक या एकाच संघाचे: वाउट व्हॅन आर्ट, टीश बेनूट आणि मॅटेओ जॉर्गेनसन. चौथा ईएफ एज्युकेशन संघाचा अमेरिकन, नीलसन पॉवलेस. जिंकला पॉवलेस. व्हॅन आर्ट दुसरा, बेनूट तिसरा, जॉर्गेनसन चौथा.

सायकलिंग न पाहणाऱ्यालाही हा निकाल विचित्र वाटेल. पाहणाऱ्यांना तर त्या संध्याकाळी दुसरा विषयच नव्हता.

प्रकरण अभ्यासात माणसाचं नाव झाकायची रीत आहे. इथे ती पाळण्यात अर्थ नाही, कारण हे सगळं दूरचित्रवाणीवर जगासमोर घडलं आणि ‘एक बेल्जियन खेळाडू’ म्हटलं तरी नाव ओळखू येणारच. मात्र जे उघड झालेलं नाही, म्हणजे त्याच्या प्रकृतीचे खासगी तपशील किंवा संघाच्या बसमधली बोलणी, त्यात मी शिरलेलो नाही.

त्या वसंतात ‘व्हॅन आर्टचा फॉर्म गेला’ असं सर्रास म्हटलं गेलं. माझ्या मते पाय फार तर थोडे कमी पडत होते. जास्त बिघडली होती ती पायांवर किती पैज लावायची याची समज. आदल्या वर्षीच्या दोन अपघातांनंतर ‘तो परत आलाय का?’ हा प्रश्न इतका मोठा झाला होता की साधी शर्यत जिंकण्यापेक्षा त्या प्रश्नाचं उत्तर देणं महत्त्वाचं ठरू लागलं.

पार्श्वभूमी

बेल्जियमच्या उत्तरेकडच्या फ्लँडर्समध्ये मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंतचे दिवस म्हणजे सायकलिंगचा सणच. दगडी फरसबंदीचे अरुंद रस्ते, छोटे पण अंगावर येणारे चढ, बोचरा वारा. आपल्याकडच्या मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट एकदाच येतो आणि तिथे ‘घाटाचा राजा’ ठरतो. इथे तसा एक मोठा घाट नसतो. औदे क्वारेमॉन्त जेमतेम सव्वादोन किलोमीटरचा, पातरबर्ग तर अर्धा किलोमीटरही नाही, पण त्याचा चढ वीस टक्क्यांपर्यंत जातो. असे डझनावारी चढ एकामागून एक येतात. चढापेक्षा चढाच्या तोंडाशी पहिल्या वीसात असणं जास्त महत्त्वाचं, कारण मागे राहिलात की पुढच्याची सायकल अडली तरी तुम्हाला पाय खाली टेकावा लागतो.

व्हॅन आर्ट याच मातीतला, हेरेंटाल्सचा, जन्म 1994 चा. 2016, 2017, 2018 अशी सलग तीन वर्षं सायक्लोक्रॉसचा, म्हणजे हिवाळ्यात चिखलामातीत होणाऱ्या सायकल शर्यतींचा, विश्वविजेता. रस्त्यावर आल्यावर 2020 मध्ये स्त्रादे ब्यांके आणि मिलान–सान रेमो, 2021 मध्ये गेंट–वेवेलगेम आणि आम्स्टेल गोल्ड, 2022 आणि 2023 मध्ये ई-3 या एकदिवसीय शर्यती जिंकल्या. टूर द फ्रान्समध्ये टप्प्यांवर टप्पे. घाटात ओढणारा, सपाटीवर स्प्रिंट मारणारा, वेळेविरुद्धच्या शर्यतीतही पुढे असणारा, असा सर्वगुणी खेळाडू दुर्मीळच.

बेल्जियन माणसाला मात्र त्याच्याकडून दोनच गोष्टी हव्या होत्या: रोंदे, म्हणजे टूर ऑफ फ्लँडर्स, आणि पॅरिस–रूबे. त्याच दोन हुकत होत्या. 2020 च्या रोंदेत मातियू व्हॅन डर पूलने त्याला काही सेंटिमीटरने हरवलं. 2022 च्या रूबेत तो दुसरा आला. 2023 च्या रूबेत ऐन मोक्याच्या पट्ट्यावर टायर पंक्चर झाला आणि तिसऱ्या जागेवर समाधान मानावं लागलं. व्हॅन डर पूल हा त्याचा सायक्लोक्रॉसपासूनचा प्रतिस्पर्धी. 2025 चा एप्रिल संपेपर्यंत त्याच्याकडे सायकलिंगच्या पाच सर्वोच्च एकदिवसीय शर्यतींपैकी तीन मिळून आठ विजेतेपदं जमा झाली होती. व्हॅन आर्टकडे एक. हा आकडा त्याच्या प्रत्येक मुलाखतीमागे उभा असायचा.

मग 2024 उजाडलं. त्या वर्षी संघाने सगळा भर रोंदे आणि रूबेवर दिला. त्यासाठी व्हॅन आर्टने मिलान–सान रेमो सोडली आणि टेनेरीफ बेटावरच्या तेइदे ज्वालामुखीवर उंचीवरच्या सरावाला गेला. 27 मार्चला, रोंदेच्या चार दिवस आधी, याच द्वार्स डोर व्लांडरेनमध्ये उतारावर भरधाव घोळक्यात तो पडला. कॉलरबोन, छातीचं हाड आणि बरगड्या मोडल्या. रोंदे गेली, रूबे गेली, इटलीची तीन आठवड्यांची जिरो दितालियाही गेली. तो उभा राहिला, पॅरिस ऑलिंपिकमध्ये वेळेविरुद्धच्या शर्यतीत कांस्य मिळवलं, स्पेनच्या तीन आठवड्यांच्या व्हुएल्तात तीन टप्पे जिंकले. तिथे गुणांच्या वर्गवारीत आघाडीवर असताना 3 सप्टेंबरला ओल्या उतारावर पुन्हा पडला. या वेळी गुडघा.

सहा महिन्यांत दोन मोठे अपघात. हाडं जुळतात त्याची तारीख डॉक्टर सांगू शकतात. दीडशे जणांच्या घोळक्यात ओल्या वळणावर ब्रेक न दाबता आत शिरण्याची हिंमत कधी जुळते, याची तारीख कुणी सांगत नाही.

अडचण

2025 चा आराखडा जवळपास आदल्या वर्षीचाच होता. हिवाळ्यात मोजक्या सायक्लोक्रॉस शर्यती, त्यात जागतिक स्पर्धेत व्हॅन डर पूलमागे दुसरा क्रमांक. 1 मार्चला ओम्लूप हेत न्यूजब्लाद, तिथे पहिल्या दहात नाही. मग स्त्रादे ब्यांके आणि सान रेमो दोन्ही वगळून पुन्हा तेइदेवर.

या निवडीमागे सरळ गणित आहे. दोन हजार मीटरच्या वर दोन-तीन आठवडे राहिलं की शरीर जास्त तांबड्या पेशी बनवतं आणि खाली उतरल्यावर दमसास वाढलेला मिळतो. पण त्या आठवड्यांत शर्यत होत नाही. अडीचशे किलोमीटरनंतरचा झटका, चढाआधीची धक्काबुक्की, कुणाच्या चाकामागे राहायचं याची क्षणात होणारी निवड या गोष्टी डोंगरावर एकट्याने शिकता येत नाहीत. ज्याची शर्यतींची सवय पक्की आहे, त्याला महिनाभर गैरहजर राहणं परवडतं. अपघातातून उठलेल्या माणसाला ते परवडतं का, हा या प्रकरणातला पहिला निर्णयबिंदू. तो गाजला नाही, म्हणून त्याची चर्चाही कमी झाली.

28 मार्चच्या ई-3 मध्ये त्याचं उत्तर दिसलं. मॅड्स पेडरसनने लांबून हल्ला केला, व्हॅन डर पूल आणि फिलिप्पो गान्ना त्याच्याबरोबर गेले, आणि ज्या शर्यतीचा व्हॅन आर्ट दोनदा विजेता होता तिथे तो पहिल्या दहाबाहेर राहिला. त्यातच संघाचा दुसरा क्लासिक्सतज्ज्ञ (क्लासिक्स म्हणजे या जुन्या, मोठ्या एकदिवसीय शर्यती) क्रिस्तोफ लापोर्त विषाणुसंसर्गामुळे वसंतभर घरी होता. म्हणजे ओझं वाटून घ्यायला एक खांदा कमी.

बेल्जियन वृत्तपत्रांचं इथे थोडं सांगायला हवं. आपल्याकडे एखादा फलंदाज तीन डावांत अपयशी ठरला की जे होतं, ते तिथे सायकलपटूचं होतं. माजी खेळाडू स्टुडिओत बसून त्याच्या चेहऱ्यावरून त्याच्या मनातलं सांगू लागतात. ई-3 नंतर पाच दिवसांनी द्वार्स डोर व्लांडरेन होती. जिथे आदल्या वर्षी तो पडला होता, तीच.

2 एप्रिल: समोर असलेले पर्याय

व्हिस्माने त्या दिवशी डाव उत्तम मांडला. पल्ला बराच शिल्लक असताना संघाने एकत्र जोर लावला, घोळका फुटला, आणि तिघे पुढे निघाले. सोबत एकटा पॉवलेस. इथपर्यंत संघाच्या डावपेचांत काहीही खोट काढता येत नाही.

तीन विरुद्ध एक असताना काय करतात, हे जिल्हा पातळीवर सायकल चालवणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. एकाने हल्ला करायचा. एकट्या प्रतिस्पर्ध्याला त्यामागे धावावंच लागतं, कारण दुसरं कुणी धावणार नाही. त्याने गाठलं की लगेच दुसऱ्याने हल्ला करायचा. तोवर बाकीचे दोघे त्याच्या मागच्या हवेच्या आडोशाला बसून दम घेतात. दोन-तीन वेळा असं केलं की चौथा माणूस मागे पडतो, नाहीतर त्याच्या पायांत गोळे येतात. कोण जिंकेल हे मात्र आधी सांगता येत नाही. बेनूट जिंकू शकतो, जॉर्गेनसन जिंकू शकतो. जॉर्गेनसन तर आदल्या वर्षीचा विजेता होता.

आणि नेमकी तीच अडचण होती. या वाटेने गेल्यास संघ जवळपास नक्की जिंकणार होता, पण व्हॅन आर्ट नक्की नाही.

दुसरा पर्याय होता हल्ले न करता तिघांनी मिळून वेग कायम ठेवायचा आणि शेवटच्या दोनशे मीटरवर व्हॅन आर्टने स्प्रिंट मारायची. कागदावर हेही अगदी ठीक. पॉवलेस डोंगरात आणि लांब पल्ल्यात चांगला. स्प्रिंटर म्हणून त्याचं नाव नाही. ताज्या पायांनी दहा वेळा स्प्रिंट झाली तर व्हॅन आर्ट नऊ वेळा जिंकेल. शिवाय हल्ल्यांच्या गोंधळात वेग मंदावला तर मागचे येऊन मिळण्याची भीती असते, ती इथे नाही. आणि हरलेल्या आठवड्यांनंतर नेत्याला एक विजय मिळाला तर रविवारच्या रोंदेसाठी सगळ्या संघाचा नूर पालटेल, हा विचारही खोटा नव्हता.

फक्त पाय ताजे नव्हते. तिघे मिळून ओढत, म्हणजे पुढे राहून वारा झेलत, असताना पॉवलेसवर पुढे येऊन ओढण्याची सक्ती नव्हती; तीन विरुद्ध एक असताना त्याने कामात काटकसर केली तर त्याला दोष कोण देणार? म्हणजे ज्या फायद्याने व्हिस्मा पुढे आलं होतं, तोच फायदा मिनिटामिनिटाने पॉवलेसच्या खात्यात जमा होत गेला. दमलेल्या पायांची स्प्रिंट आणि ताज्या पायांची स्प्रिंट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोठी ताकद असलेला खेळाडू चार तासांनंतर तीच ताकद किती टक्के दाखवू शकतो, यावर क्लासिक्स ठरतात, आणि दुखापतीनंतर सर्वांत उशिरा परत येतं ते हेच. शिखरावरचा आकडा आधी परततो, दमल्यानंतरचा आकडा मागाहून.

संघाने दुसरा पर्याय घेतला. शर्यतीनंतर व्हॅन आर्टने दोष स्वतःकडे घेतला: स्प्रिंटवर जाण्याचा आग्रह आपला होता, इतकं सगळं घडल्यावर आपल्याला जिंकायचंच होतं आणि आपण स्वार्थीपणे वागलो, अशा अर्थाचं तो बोलला. सहकाऱ्यांबद्दल वाईट वाटल्याचंही सांगितलं. हे बोलायला छाती लागते. तरीही मला हे स्पष्टीकरण अपुरं वाटतं. सायकलवर बसलेल्या, दमलेल्या, जिंकण्यासाठी आसुसलेल्या माणसाने स्वतःसाठी स्प्रिंट मागणं साहजिकच आहे. मागून येणाऱ्या संघाच्या गाडीत बसलेल्या मार्गदर्शकांचं काम त्या वेळी वेगळं असतं. त्यांचे पाय दमलेले नसतात. कानातल्या रेडिओवर एक वाक्य पुरलं असतं.

बेनूट आणि जॉर्गेनसन यांच्याबद्दल कुणी फारसं लिहिलं नाही. दोघांनी स्वतःची संधी सोडली आणि त्या बदल्यात तिसरा-चौथा क्रमांक घेऊन घरी गेले.

त्यानंतर काय केलं

चार दिवसांनी रोंदे होती: ब्रुगेपासून ओदेनार्देपर्यंत 269 किलोमीटर. संघापुढे प्रश्न होता: नेता बदलायचा का? जॉर्गेनसनचा पर्याय खरोखरचा होता. संघाने नेता बदलला नाही, आणि माझ्या मते हा निर्णय बरोबर होता, कारण वारेगेममध्ये चूक झाली ती डावाची. पायांबद्दल तिथे एवढंच कळलं होतं की ते दुसऱ्या क्रमांकाचे आहेत.

रोंदेत तादेई पोगाचारने शेवटच्या क्वारेमॉन्तवर सगळ्यांना मागे टाकलं आणि एकटाच आला. मागे मिनिटभराच्या अंतरावर चौघे: पेडरसन, व्हॅन डर पूल, व्हॅन आर्ट, यास्पर स्टाउवेन. स्प्रिंटमध्ये ते याच क्रमाने आले. व्हॅन आर्ट चौथा. पुढच्या रविवारी, 13 एप्रिलला, रूबेत पुन्हा चौथा. व्हॅन डर पूल सलग तिसऱ्यांदा जिंकला, पोगाचार दुसरा, पेडरसन तिसरा.

इथे थांबून पाहू. जगातल्या दोन सर्वांत कठीण एकदिवसीय शर्यतींत लागोपाठ चौथा. त्याच्यापुढे दोन्ही वेळा तीच तीन नावं, आणि त्यांतली दोन आपापल्या पिढीतली सर्वोत्तम. ‘फॉर्म गेला’ म्हणायचं ते कशाच्या आधारावर? पण मथळे वारेगेमचेच चालले होते. एक हास्यास्पद हार दहा चांगल्या निकालांना झाकते, तसं झालं.

तिथून पुढचं वेळापत्रक मूळचंच ठेवलं. 18 एप्रिलला ब्राबांत्से पेल. डिसेंबरच्या अपघातानंतर पहिलीच शर्यत खेळणारा रेम्को एव्हेनेपूल आणि व्हॅन आर्ट असे दोघेच पुढे निघाले, आणि ओव्हरेइझच्या स्प्रिंटमध्ये एव्हेनेपूल जिंकला. दोन दिवसांनी आम्स्टेल गोल्ड. पुढे मॅथियास शेलमोसने पोगाचार आणि एव्हेनेपूलला हरवून सगळ्यांना चकित केलं. मागच्या गटातून व्हॅन आर्ट पहिला आला. पुन्हा चौथा.

निकाल

क्लासिक्सचा हंगाम विजयाविना संपला. दोन दुसरे क्रमांक, तीन चौथे. 27 ऑगस्ट 2024 च्या व्हुएल्तातल्या टप्प्यापासून रस्त्यावर एकही विजय नव्हता.

जिरो अल्बेनियात 9 मे रोजी सुरू झाली. त्याआधी तो आजारी होता. पहिल्याच टप्प्यावर तिरानामध्ये पेडरसनने त्याला निसटतं हरवलं, आणि मग काही दिवस तो छोट्या चढांवरही मागे पडताना दिसला. वसंतातल्यापेक्षा या वेळी चित्र खरोखरच वाईट होतं.

18 मे रोजी नववा टप्पा गुब्बियोहून सिएनाला होता, मधे पांढऱ्या मातीचे रस्ते. इसाक देल तोरो आणि व्हॅन आर्ट शेवटी दोघेच उरले. देल तोरोला एकूण क्रमवारीत वेळ कमवायची होती, म्हणून तो ओढत राहिला. मागच्या गटात व्हॅन आर्टच्याच संघाचा, एकूण विजेतेपदासाठी लढणारा सायमन येट्स होता, म्हणून त्याला ओढायची गरज नव्हती. त्याने फक्त चाक पकडून ठेवलं. गावात शिरल्यावरचा व्हिया सांता कातेरीनाचा उभा चढ आणि त्यानंतरची वळणं त्याला स्त्रादे ब्यांकेपासून ठाऊक होती. पियात्सा देल काम्पोमध्ये तो आधी पोहोचला.

वारेगेममध्ये पॉवलेसने जे केलं, ते सिएनात व्हॅन आर्टने केलं. पाय तेच, कदाचित थोडे वाईटच. या वेळी शर्यतीचं गणित त्याच्या बाजूने होतं.

पुढे 31 मे रोजी कोले देल्ले फिनेस्त्रेच्या टप्प्यावर तो आधीच आघाडीच्या गटात पाठवलेला होता. घाट चढून आलेल्या येट्सला त्याने पलीकडे जोरात ओढलं, आणि येट्सने जिरो जिंकली. 27 जुलैला टूर द फ्रान्सच्या अखेरच्या दिवशी पॅरिसमध्ये पावसात मोंमार्त्रच्या चढावर त्याने पोगाचारला मागे टाकलं आणि शाँजेलिझेवर एकटा आला.

वेगळं काय करता आलं असतं

वारेगेमच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे. आधी हल्ले, मग उरलाच तर स्प्रिंट. बेनूट आणि जॉर्गेनसन यांनी आलटून पालटून पॉवलेसला दमवलं असतं, तर व्हॅन आर्ट त्याच्या चाकामागे बसून आरामात शेवटपर्यंत आला असता. म्हणजे स्प्रिंटचा पर्यायसुद्धा हल्ल्यांनीच पक्का झाला असता. दोन पर्याय एकमेकांविरुद्ध आहेत असं धरून चालणं हीच तिथली गफलत. आणि हा नियम शर्यतीच्या आदल्या रात्री ठरवायचा: आपले दोन किंवा जास्त असतील तर कुणाचंही नाव न घेता हल्ला, नेत्याने रेडिओवर काहीही मागितलं तरी. दमलेल्या माणसाला दर वेळी नव्याने निर्णय घ्यायला लावू नये.

दुसरी गोष्ट फॉर्म मोजण्याची. क्रमांक हे ढोबळ माप आहे. रोंदेत शेवटच्या चढानंतर तो कुणाबरोबर होता, हे पाहिलं असतं तर चित्र वेगळं दिसलं असतं. संघाला ते नक्कीच दिसत होतं; नेता न बदलण्याचा निर्णय त्याचीच साक्ष आहे. पण बाहेर ते कुणी ठामपणे सांगितलं नाही, आणि खेळाडूला रोज एकट्याने त्याच प्रश्नाला तोंड द्यावं लागलं.

तेइदेच्या बाबतीत मी तितका ठाम नाही. सान रेमोत तो उतरला असता तर त्याला सुमारे तीनशे किलोमीटरची शर्यत पायाखाली मिळाली असती, आणि ई-3 मध्ये पेडरसन निघाला त्या क्षणी कदाचित तो योग्य जागी असता. उलट, उंचीवर मिळवलेला दमसास नसता तर रूबेत चौथा आलाही नसता, असंही कुणी म्हणू शकेल. आम्स्टेलपर्यंत तो टिकून राहिला, हे सरावाच्या बाजूने बोलतं. निदान एक मधली वाट होती: डोंगरावरून आठवडाभर आधी उतरून ई-3 च्या अगोदर एखादी कमी महत्त्वाची शर्यत घ्यायची, जिथे हरलं तरी कुणी विचारणार नाही. बेल्जियममध्ये मार्चात अशा शर्यतींना तोटा नसतो. फक्त व्हॅन आर्टच्या नावाचा माणूस तिथे उतरला की तीही महत्त्वाची होते, ही त्यातली खरी अडचण.